साध्या टाकीतला लसूण

सकाळचे पाच चाळीस. मत्स्यखाद्याच्या कारखान्यामागच्या टाकीघरात तपासनीस बाई गमबूट घालून चौथ्या टाकीपाशी उभ्या होत्या. खाद्याचा डबा त्यांनी नाकाशी नेला, झाकण लावलं, पुन्हा उघडलं. लसणाचा वास. या डब्यात तो यायला नको होता.

लसूण आणि एका कडू पाल्याची पूड खाद्यात मिसळली की माशांचे आजार कमी होतात, हे आधीच दिसलं होतं. जास्त झाली तर काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून या बारा टाक्या. तीनमध्ये ठरलेली मात्रा, तीनमध्ये पाचपट, तीनमध्ये दहापट. उरलेल्या तीनमध्ये नुसतं साधं खाद्य, ताडून बघायला. छप्पन्न दिवसांचं काम. आज एक्केचाळिसावा.

"काका, यात पूड कुणी घातली?"

टाक्या सांभाळणारे काका इथं बावीस वर्षं आहेत. खोटं बोलणं त्यांना जमत नाही.

"मीच. चिमूटभर."

"का?"

"अहो ताई, शेजारच्यांना औषध आणि यांना नुसतं कोरडं? यांनी काय घोडं मारलंय?"

"कधीपासून?"

"चाचणी सुरू झाल्यावर आठवड्याभरानं असेल. तिन्ही साध्या टाक्यांना. आणि पाल्याचंच तर आहे, त्यानं काय बिघडतंय?"

"तेच बघायला बसलोय ना आपण!" बाईंचा आवाज पत्र्यावर आदळून परत आला. काका जाळी धुवायला लागले. ती धुतलेलीच होती.

साडेनऊला व्यवस्थापकांनी सगळं ऐकून घेतलं. गेल्या आठवड्यात बाईंनी प्रत्येक टाकीतले दोन मासे कापले होते. दहापटवाल्यांची यकृतं फिकट, आणि साध्यांपैकीही दोन फिकट.

"मग झालं तर," व्यवस्थापक म्हणाले. "साध्यांचीही फिकट आहेत. म्हणजे दोष पुडीचा नाही."

"साहेब, साध्यांनी पूडच खाल्लीये."

"घरी भाजीत लसूण घालताना छप्पन्न दिवस थांबता का तुम्ही?"

"माझ्यापुढं दुसरं ताट असतं. माशांपुढं नसतं."

पुडीच्या पिशवीवर 'पूर्णपणे निर्धोक' छापायचं होतं. मजकूर तयार होता, खाली बाईंची सही हवी होती. तळ्यावर मासे पाळणारा माणूस मात्रा मोजून घालत नाही, हे त्या तेरा वर्षं बघत आल्या आहेत. औषध म्हटलं की तो हात आखडतो, पाला म्हटलं की मूठ भरतो. काका तर रोजचा तक्ता लिहितात, तरी त्यांनी घातलीच.

"सही नाही केली तर छपाई दोन महिने लांबेल."

"अडीच," बाई म्हणाल्या. तक्त्यावर त्यांनी आडवी रेघ मारली, 'चाचणी रद्द' लिहिलं, खाली कारण लिहिलं आणि त्याखाली सही केली. कारणात काकांचं नाव आलं. ते टाळता आलं नसतं.

दुपारी काकांनी बाराही टाक्या रिकाम्या केल्या.

उद्या सकाळी आठला दोनशे चाळीस नवे मासे येतील. ते रुळेपर्यंत पहिले चौदा दिवस बाराही टाक्यांना साधं खाद्य, आणि ते बाई स्वतः घालणार आहेत.