डोहाळजेवणाचं आइस्क्रीम

सातवीत शाळा सोडून परभणीकडून आलेलो, तेव्हापासून मी कोपरीत मावशींच्या पोटमाळ्यावर राहतो. मावशी माझ्या नात्यातल्या नाहीत. मला कावीळ झाली तेव्हा खोली खाली कर म्हणायच्या ऐवजी त्यांनी मऊ भात भरवला, एवढंच आमचं नातं. त्यांनी कधी काही मागितलं नाही. मग लेकीच्या डोहाळजेवणाला म्हणाल्या, “आइस्क्रीम तू कर.” हो तर म्हटलं. बिघडलं तर?

पूर्वी मी एका आइस्क्रीमवाल्याकडे पॉट फिरवायचो. लाकडी बादली, मधोमध दुधाचा डबा, भोवती बर्फ आणि जाडं मीठ, वर हँडल. डोहाळजेवणाच्या दिवशी दूध आटवलं, मापात साखर घातली, डबा ओट्यावर निवायला ठेवून बर्फ आणायला गेलो.

आल्यावर फिरवायला बसलो. हात भरून आले. झाकण उघडलं, तर दूधच. परत फिरवलं. दूधच. आत ओटी भरून झालेली.

“अरे, पिऊनच टाकायचं का?” शेजारच्या काकू दारातून ओरडल्या. मला तोंड वर करवेना.

तेवढ्यात ताई, म्हणजे मावशींची लेक, फुलांचे दागिने सांभाळत आली. ती डोंबिवलीत क्लासला केमिस्ट्री शिकवते. तिने बोट बुडवून चाखलं.

“आई गं! साखर किती घातलीस?”

“मापातच, ताई.”

मावशींनी पदर तोंडाला लावला. “मी घातली जराशी. तुला गोड आवडतं ना.”

“अगंबाई,” ताईच्या सासूबाई म्हणाल्या, “मला वाटलं, हा घालायला विसरला.”

“मीपण दोन मुठी टाकल्या,” काकू हळूच म्हणाल्या.

ताई पोट धरून हसली. “अगं, पाण्यात जेवढं जास्त विरघळेल, तेवढी त्याला गोठायला जास्त थंडी लागते. मीठ असो की साखर, कण किती ते महत्त्वाचं. बाहेर मीठ घातल्यामुळे बर्फ शून्याच्या खाली गार होतो. पण तुम्ही आत इतकी साखर ओतलीत, की ती थंडीसुद्धा पुरेना.”

“मग आता? सगळं वाया गेलं?” मी विचारलं.

“घाबरतोस काय? साधं दूध घालून पातळ कर. बर्फ-मीठ वाढव.”

मी हँडलला हात घातला, तर मावशींनी तो बाजूला केला. “तू बस रे. आम्ही बिघडवलं, आम्ही फिरवतो.” तिघी आळीपाळीने बसल्या, बांगड्या वाजवत, एकमेकींना टोमणे मारत.

आइस्क्रीम मऊच झालं, पण चमच्यावर उभं राहिलं. ताईने पहिली वाटी संपवून दुसरी मागितली, तेव्हा कुठे मी मान वर केली. वाढवलेल्या दुधामुळे चाळभर पुरलं. मावशींनी माझी वाटी काठोकाठ भरली.

“बारशालाही तूच कर,” त्या म्हणाल्या. “फक्त डब्याला कुलूप लाव.”