फाटकापासून सहाशे ऐंशी

टकटकताईचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. लांब दांड्याचं मोजणीचं चाक ढकलत ती चालायची, दर मीटरला ते टक् करायचं, आणि अशी टकटक करत बाईने एकोणीस वर्षांत कारखान्यांच्या किती जागा पालथ्या घातल्या, त्याला हिशेब नव्हता.

काम वरकरणी सोपं. कारखाना उभा राहण्याआधी सरकारी तक्ता भरायचा. त्यातला नववा प्रश्न असा, की प्रकल्पाच्या हद्दीपासून पाचशे मीटरच्या आत पाणी आहे का? ‘नाही’ लिहिलं की महिन्याभरात परवानगी. ‘आहे’ लिहिलं की वर्षभराचा सविस्तर अभ्यास, पाण्याचे नमुने, लोकांची सुनावणी, सगळं शेपूट.

आज रंगाच्या कारखान्याची जागा होती. फाटकाची बिजागरी तुटलेली, म्हणून ड्रायव्हरने जीप वळसा घालून हद्दीच्या मागच्या भिंतीशी नेली. ताई उतरली आणि समोर तळं. तिने चाक लावलं. भिंतीपासून पाण्यापर्यंत तीनशे दहा. मग पुढे जाऊन, नेहमीसारखं, फाटकापासून मोजलं. सहाशे ऐंशी.

चूक लक्षात आली ती तिथेच. जीप कायम फाटकाशी थांबायची, म्हणून चाकही तिथूनच सुटायचं. पहिल्या दिवशी साहेबांनी तसंच शिकवलं होतं. आणि तक्त्यावर ‘हद्दीपासून’ असं ढळढळीत छापलेलं, एकोणीस वर्षं, तिच्या नाकासमोर.

चारला तक्ता वर जायचा होता. तीन वाजता ती ऑफिसातल्या कपाटासमोर फतकल मारून बसली आणि फाटकापासून पाणी जेमतेम पाचशेच्या पुढे निघालेल्या जुन्या फायली बाजूला काढू लागली. सव्वीस निघाल्या. अकरावी बॅटरीच्या कारखान्याची. त्याच्या मागच्या तलावाचं पाणी तिच्या थोरल्या बहिणीच्या नळाला येत होतं. आज तीनशे दहा लिहिलं तर या सव्वीसही उघडणार, आणि प्रत्येकीवर मोजणाऱ्याची सही तिचीच. नोकरी गेली तर या वयात दुसरी कोण देणार?

तिने नवऱ्याला फोन लावला. तो बस डेपोत मेकॅनिक, इंजिनाखाली आडवा झालेला. त्याला आधी वाटलं, गॅस चालू राहिला. सगळं ऐकून तो इंजिनाखालून बाहेर सरकला.

“माझ्या चुका रोज मोजतेस,” तो म्हणाला. “आज तुझी मोज. घरी आलीस की बघू.”

तक्ता घेऊन ती साहेबांच्या टेबलाशी गेली. साहेबांना निवृत्तीला चार महिने होते, आणि दर वाक्याआधी ‘म्हणजे बघा’ म्हणायची सवय होती. म्हणजे बघा, तुम्ही फाटकापासून मोजलंत ना? म्हणजे बघा, मीही तसंच मोजत आलो. म्हणजे बघा, आता जाता जाता हे कशाला उकरायचं? आवाज मऊ होता, पण तक्त्यावरचं बोट अंतर लिहायच्या रिकाम्या चौकटीवरून हलत नव्हतं.

ताईने ते बोट हलकेच बाजूला केलं आणि चौकटीत तीनशे दहा लिहिलं. खाली शेऱ्यात लिहिलं, की याआधीच्या सव्वीस जागा फाटकापासून मोजल्या आहेत, मोजणी माझी, पुन्हा मोजायला हव्यात. सही केली.

“म्हणजे बघा...” साहेब म्हणाले.

भिंतीवरच्या घड्याळात चारला सात मिनिटं होती. साहेबांनी शेरा दोनदा वाचला. मग त्यांनी पेन उघडलं, ‘मोजणी माझी’च्या पुढे बारीक अक्षरात ‘शिकवण माझी’ असं लिहिलं, आणि ‘सविस्तर अभ्यास आवश्यक’चा शिक्का शोधायला खण उपसू लागले. शिक्का निघाला, शाई वाळलेली. त्यांनी त्यावर ग्लासातलं पाणी शिंपडलं.

ताई खाली उतरली तेव्हा ड्रायव्हर जीपला टेकून उभा होता.

“उद्या सकाळी सातला, भाऊ,” ती म्हणाली. “बॅटरीच्या कारखान्यावर. आणि गाडी फाटकाशी लावू नका.”