छताखालची लाल अक्षरं

आमच्या शेजारच्या काकांनी उभ्या आयुष्यात हजारो कवळ्या बनवल्या आणि त्यांच्या स्वतःच्या तोंडात मात्र बत्तिशी शाबूत. हा विनोद माझा. अकरा वर्षं मी तो जिन्यात भेटेल त्याला ऐकवत आले, आणि काका दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे सगळेच्या सगळे बत्तीस दाखवून हसत आले. गेल्या वर्षापर्यंत.

काका दंतवैद्य नव्हेत. दंतवैद्य तोंडात बोटं घालून माप घ्यायचे, आणि कवळी बनवायचे हे, मागच्या खोलीत, डोळ्याला भिंग लावून. निवृत्त झाले तेव्हा काकूंना वाटलं, आता टेबल मोकळं होईल. कसलं काय! तेच चिमटे, तेच ब्रश, तेच भिंग. फक्त दातांच्या जागी रेल्वेचे डबे आले. वीतभर लांबीचे, दारं-खिडक्या, पायऱ्या, सगळं बारीकसारीक असलेले. मी एकदा "काका, खेळणं छान आहे हं" म्हणाले, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मॉडेल म्हणायचं. खेळणं नाही.

इंटरनेटवरच्या लिलावात मोडके डबे घाऊक मिळतात, कुणाच्या माळ्यावरचे, कुणाच्या आजोबांचे. काका ते बोली लावून घ्यायचे, महिना महिना दुरुस्त करायचे आणि पुन्हा लिलावात विकायचे. त्यांची एक सवय कवळीच्या धंद्यातली. कवळी बनवली की तिच्या आतल्या बाजूला रोग्याचा नंबर आणि आपली खूण घालायची, म्हणजे कुणाचे दात कुणाच्या तोंडात जायला नकोत. तसंच डब्याचं. काम संपलं की छत उचलून आतल्या बाजूला लाल रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत तारीख आणि केलेली दुरुस्ती लिहायची. कुणी बघणार नाही, तरी लिहायचं.

या हौशी मंडळींत काकांचं नाव होतं. लिलावाच्या साइटवर घेणारा शेवटी शेरा लिहितो. काकांच्या नावापुढे तीनशे अकरा शेरे आणि एकातही खोट नाही. "यांचं वर्णन डोळे मिटून घ्यावं," असं लोक लिहायचे. काकू सांगायच्या, "पेन्शनची कागदपत्रं कुठे आहेत हे त्यांना माहीत नाही, पण शेरे पाठ आहेत."

वर्णन टाइप करायची मी. पडद्यावरची अक्षरं काकांना पोहताना दिसायची, आणि माझी बोटं पळणारी. मी जागा विकणाऱ्या एजंटच्या ऑफिसात जाहिराती लिहिते. अंधारी खोली म्हणजे 'शांत'. पाचवा मजला आणि लिफ्ट नाही म्हणजे 'मोकळी हवा, आपोआप व्यायाम'. पोट त्यावर चालतं माझं. आणि इकडे काका हातावर फडकं, फडक्यावर डबा घेऊन उभे राहायचे आणि कबुलीजबाब दिल्यासारखं सांगायचे:

"लिहा शेजारीणबाई. डावीकडची तिसरी खिडकी बदललेली. चाकांची एक जोडी दुसऱ्या डब्याची. छत दोनदा उघडलेलं. रंग मूळचा नाही, माझा आहे. जवळून पाहिलं तर कळतो."

"जवळून पाहिलं तरी कळत नाही, काका."

"मला कळतो."

"अहो, अशानं डबा फुकट दिला तरी कुणी नेणार नाही!"

"न्या म्हणतंय कोण? आधी लिहा तर."

आणि खरंच, महिनाभराच्या कामाचा डबा चपलांच्या जोडाच्या भावात जायचा. माझा जीव तुटायचा, असं मी तेव्हा म्हणायचे. आता खरं सांगते, जीव वगैरे काही तुटत नव्हता. हात शिवशिवत होते. एवढ्या सरळ माणसाच्या पायात एकदा पाय घालून बघावा, बस्स.

म्हणून गेल्या वर्षी, त्या बदललेल्या खिडकीच्या निळ्या डब्याच्या वेळी त्यांनी सांगितलं एक आणि मी टाइप केलं दुसरंच. "जसा कारखान्यातून निघाला तसा. मूळ रंग. छत आजवर उघडलेलं नाही." काका म्हणाले, "वाचून दाखवा." मी पडद्याकडे बघत त्यांनी सांगितलेलं तोंडपाठ म्हणून दाखवलं. तिसरी खिडकी, चाकांची जोडी, सगळं. "छान," म्हणाले, आणि स्वतःच्या बोटानं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सांगणार होते मी. दोघं जण पोट धरून हसू आणि बदलून टाकू, असा बेत होता. पण सकाळपर्यंत सात बोल्या पडल्या होत्या, आणि बोली पडली की वर्णन बदलता येत नाही. मग मी गप्प बसले. रविवारी पाच वाजता लिलाव संपायचा होता. आम्ही तिघं टेबलाशी बसलो होतो. आकडा उड्या मारत वर चालला होता, आणि काका चष्मा पुसून पुसून बघत होते.

"एवढे? या डब्याला?"

"तुमचा हात आहे काका," मी म्हणाले. हेही मीच म्हणाले.

काका त्या दिवशी लाजले. इतके खूश झालेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

डबा घेतला तो दूरच्या गावातल्या एका शिक्षिकेनं. तिनं आधी काकांचे नऊ डबे घेतले होते. तीन आठवड्यांनी काकूंनी भिंतीवर थाप मारून मला बोलावलं. काका टेबलाशी बसले होते, हात मांडीवर. शेरा आला होता. तिनं आत दिवे बसवायला छत उचललं होतं आणि खाली लाल अक्षरांत काकांचीच सगळी कबुली सापडली होती. तिनं लिहिलं होतं: "नऊ डबे यांच्याकडून डोळे मिटून घेतले. दहावा उघडून पाहिला. आता आधीचे नऊही उघडून पाहावे लागतील."

"या बाईंची काहीतरी गफलत झाली आहे," काका म्हणाले. "आपण तर सगळं लिहिलं होतं. जरा आपलं वर्णन काढून वाचून दाखवा."

मी ते काढलं. 'डावीकडची' हा शब्द जिभेवर आलाच होता, देवाशप्पथ. पण काकू चष्मा लावून माझ्या खांद्यामागे उभ्या राहिल्या. मग जे होतं ते वाचलं. जसा कारखान्यातून निघाला तसा. मूळ रंग. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"हे मी नाही सांगितलं," काका म्हणाले.

"नाही, काका."

"मग त्या दिवशी वाचलंत ते?"

"ते... पाठ झालं होतं."

काकू बोलल्या. "तुझ्या जिभेला हाड नाही हे ठाऊक होतं गं. बोटांनाही नाही?"

मी म्हणाले, मी लिहिते साइटवर, माझ्या नावानं, की आगाऊपणा माझा. काकांनी मान हलवली. "कवळी टोचली तर माणूस ज्यानं दिली त्याच्याकडे येतो. त्याच्या शेजारणीकडे नाही जात." आणि मला उठवून ते स्वतः खुर्चीवर बसले. मी शेजारी माझ्या घरात आले तरी भिंतीपलीकडून त्यांच्या एका बोटाची टकटक ऐकू येत होती. मध्ये केवढा तरी वेळ, मग पुढचं अक्षर.

काय लिहिलं ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून चोरासारखं वाचलं. "न वाचता टाकलं. चूक माझी. डबा परत पाठवावा, पैसे परत करतो." शेजारणीचा उल्लेख कुठेही नाही. नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं. शिवी तरी पडली असती, फिटंफाट झाली असती. त्या दिवशी मला 'शांत' हा शब्द लिहायला अर्धा तास लागला.

आठवड्यानं बाईंचं उत्तर आलं. "नऊही उघडले. वर्णनात जे लिहिलं होतं तेच छताखाली आहे. दहाव्याचं असं का केलंत?" काकांनी पुन्हा तेच लिहिलं. न वाचता टाकलं. तो एक शेरा मात्र राहिला. तीनशे अकरा धड आणि एक वाकडा, आणि कुणीही यादी उघडली की पहिला वाकडाच दिसतो.

डबा परत आला तेव्हा काकूंनी निरोप दिला, "बोलावलंय." काकांनी छत आधीच उचलून ठेवलं होतं. शेजारी झाकणात लाल रंग आणि तीन केसांचा ब्रश.

"तुमच्या अक्षरात लिहा."

"काय लिहू?"

"जे काम केलंत ते."

नखाएवढी जागा होती. अंधाऱ्या खोलीवर शंभर शब्द सहज लिहिणारी मी, मला तीन शब्द जमेनात. दोनदा पुसावं लागलं. काका भिंगातून बघत होते, रागानं नव्हे, शिकाऊ कारागिराकडे बघावं तसे. तेच जास्त लागलं. शेवटी उमटलं: "वर्णन खोटं. शेजारीण." खाली तारीख त्यांनी घातली.

मग त्यांनी तो पुन्हा लिलावात टाकला, एका बोटानं टाइप करून. खिडकी, चाकं, छत, रंग, आणि पाचवी खोट: "छताखाली एक ओळ दुसऱ्या हाताची आहे." चपलांच्या जोडाहून थोडा कमीच भाव आला. घेतला कुणी ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. शेरा एका शब्दाचा आला. "वर्णनाप्रमाणे."

म्हणजे आता कुठल्या तरी घरात, कुणाच्या तरी टेबलावरच्या रुळांवर, माझी ती ओळ छताखाली गोल गोल फिरते आहे.

परवा काका जिन्यात भेटले. बगलेत पार्सल होतं. वरच्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूबाई माझ्याबरोबर होत्या. त्यांना कवळीचा विनोद अजून माहीत नव्हता. मी तोंड उघडलं आणि मिटलं. काका पायरीवर थांबले, हसायची तयारी केल्यासारखे.

"आज काही नाही?"

"नाही, काका."

"बरं," म्हणाले, आणि पार्सल या बगलेतून त्या बगलेत घेऊन खाली उतरले.