पिवळी पाटी, तीन पाती

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो, ते धुळीसारखे आपोआप साचतात! मी इकडे हिंदी मुलखात, फ्रीगंजमधल्या एका हॉस्पिटलात न्यूक्लिअर मेडिसिनचा टेक्निशियन. किरणोत्सर्गी औषध टोचायचं आणि स्कॅन काढायचा, हे माझं काम. किरणांपासून वाचायला शिसं आहे, किस्स्यांपासून वाचायला काही नाही.

आमच्या दारावर धोक्याची पिवळी पाटी आहे, तीन काळ्या पात्यांची. ऐन उन्हाळ्यात एक आजोबा सरळ आत येऊन बसले. म्हटलं, "बाबूजी, इथे बसायचं नाही."

"बाहर पंखा बना रखा है," आजोबा भडकले, "तो चलाते क्यों नहीं?"

*

विभाग सुरू झाला तेव्हा एका पुढाऱ्यानं गेटवर मोर्चा आणला होता. "शहर में परमाणु बम नहीं चलेगा!" आमच्या प्रमुख साठे मॅडम समजावून समजावून थकल्या.

पुढे त्याच्याच आईला स्कॅन लागला. स्वारी मागच्या दारानं आली. "मॅडम, भीड़ बहुत है. अम्मा का परमाणु पहले कर दो ना!"

*

राम घाटावरचे एक गुरुजी हाडांच्या स्कॅनला आले. इंजेक्शन दिल्यावर मी बजावलं, "आज लहान मुलं आणि गरोदर बायका, यांच्यापासून लांब राहा."

"म्हणजे सोवळंच की!" गुरुजी खूश.

घाटावर जाऊन त्यांनी जाहीर केलं, "आज अणूचं सोवळं आहे. लांबूनच नमस्कार करा!" झालं, लोक रांगा लावून नमस्कार करायला लागले.

दुसऱ्या दिवशी घाटावरचे आणखी दोन पंडितजी आमच्या दारात हजर. "हमें भी वही वाला इंजेक्शन लगवाना है!"

*

मध्यंतरी सीमेवर तणाव होता. टीव्हीवर तर रोज संध्याकाळी अणुयुद्ध! मॅडमच्या सोसायटीनं त्यांनाच मार्गदर्शनाला बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "वेळ आलीच, तर सगळ्यांनी बेसमेंटमध्ये जायचं."

सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. फक्त जोशीकाका ताडकन उठले. "जा खुशाल! पण माझ्या पार्किंगमध्ये कोणी उभं राहायचं नाही, सांगून ठेवतो!"

*

पाटणकरकाकूंना थायरॉइडसाठी किरणोत्सर्गी आयोडीन दिलं होतं. घरात नऊ माणसं, आणि लग्न झाल्यापासून स्वैपाकघर एकट्या काकूंच्या गळ्यात. मॅडमनी सांगितलं, "आठवडाभर वेगळी खोली, वेगळी भांडी. स्वैपाक बिलकुल नाही."

आठवड्यानं काकू तपासणीला आल्या. चेहरा असा टवटवीत, की मी आधी ओळखलंच नाही! मॅडमनी मीटर धरला. "छान! आता सगळं नेहमीसारखं सुरू करा."

"चला!" पाटणकरकाका खुर्चीतून उठलेच. "उद्यापासून चहा वेळेवर! मी गाडी काढतो."

ते बाहेर गेले. काकू मात्र जागच्या हलल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "मॅडम, पुन्हा एकदा मोजता का? नीट मोजा ना."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मीटर टेबलावर ठेवला, दार उघडलं आणि हाक मारली, "पाटणकर, मशीन जरा जुनं आहे हो. अजून पंधरा दिवस लांबच राहा!"