बॉगकाठच्या गावातली धास्ती

डब्लिनची मित्रमंडळी विचारतात, "त्या एवढ्याशा गावात घडतं तरी काय?" एक रस्ता, एक पडका मठ, आमची कॅथेटरची फॅक्टरी आणि भोवती बॉग! पण इथं सात वर्षं काढली की किस्से साचतातच. माझ्याकडचे बहुतेक घाबरल्याचे.

*

बॉग म्हणजे काळी दलदल. तिच्यातल्या मातीचे तुकडे कापायचे, वाळवायचे आणि घर गरम करायला जाळायचे, ही इथली जुनी रीत. माझा नाशिकचा सहकारी समीर नवीन होता. फोटो काढायला उतरला आणि कमरेपर्यंत आत! आमचा फिटर नोएल जवळच होता. "हलू नकोस!" ओरडत त्यानं फळी टाकली, याला ओढून काढलं.

समीर म्हणाला, "बूट आतच राहिला."

"यू आर ग्रँड!" म्हणजे, काही झालेलं नाही तुला. नोएल हसला, "बॉगमध्ये काही सडत नाही. हजार वर्षांनी म्युझियममध्ये बघायला ये!"

*

आई कराडहून आली होती. दुपारी मठ बघायला गेली आणि धुक्यातून धापा टाकत परतली. "आत कुणीतरी श्वास घेतंय गं!" मीही हादरले. नोएल जाऊन बघून आला.

"गाय होती. तीही इतकी घाबरलीय, आज दूध द्यायची नाही!"

*

मागच्या वर्षी मेल आली. हेड ऑफिसचे साहेब येणार, दोन वाजता सगळ्यांनी कँटीनमध्ये जमायचं. फॅक्टरी बंद होणार, दुसरं काय! अख्खं गाव तिच्यावर जगतं. बेकरीवाल्या बाईंनी माझा हात धरला, "खरं काय ते सांग." मलाच काही माहीत नव्हतं.

कँटीनमध्ये साहेब हसले. "बंद नाही, वाढवतोय! फक्त मागच्या माळावरचं ते काटेरी झाड कापावं लागेल."

टाळ्या थांबल्या. माळावरचं ते एकटं झाड परीलोकांचं, असं गाव मानतं. आणि इथले परीलोक गोड-बिड नसतात. झाडाला हात लावला की घरावर संकट!

"कोण कापणार?" साहेबांनी विचारलं.

नोएल हळूच म्हणाला, "मी नाही. नोकरी गेली तरी चालेल."

साहेब समीरकडे वळले. "तू इंजिनिअर. तुझा नसेल ना असल्या गोष्टींवर विश्वास?"

समीर कॉलेजात अंधश्रद्धेविरुद्ध पथनाट्यं करायचा. तो उभा राहिला, घसा खाकरला.

"अजिबात नाही, सर! पण मला दोन लहान मुली आहेत."