डावा गाल

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. परळच्या इस्पितळात मी कर्करोगाच्या शस्त्रक्रिया शिकत होतो. तोंडाच्या रोग्याला मी एक प्रश्न हटकून विचारी, "तंबाखू कुठल्या गालात धरता?" गिरणीत कापसामुळे विडीला बंदी, म्हणून कामगार पाळीभर गालात तंबाखूची गोळी ठेवत. गाठ बहुधा त्याच गालात निघे.

माझे वडील लालबागच्या गिरणीत सव्वीस वर्षं साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. त्यांना मात्र मी हे कधी विचारलं नव्हतं. बापाला तोंड उघडायला सांगणार कोण?

संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात गिरणी बंद होती, म्हणून ते दिवसा घरी सापडले. मी बॅटरी घेऊन समोर बसलो.

"दादा, जरा आ करा."

"एवढं शिकवलं ते बापाचे दात मोजायला काय रे?" असं म्हणत त्यांनी तोंड उघडलं.

डाव्या गालात आत रुपयाएवढा पांढरा चट्टा होता. मी बॅटरी जवळ नेऊन पुन्हा पाहिलं.

तपासणीसाठी त्याचा तुकडा काढायला माझा हात धजेना. तो आमच्या मोठ्या सर्जननी काढला. निकाल येईपर्यंत मी रोज प्रयोगशाळेत जाऊन विचारत होतो.

"अजून कॅन्सर नाही," सर्जन म्हणाले. "पण तंबाखू सुटली नाही तर सांगता येत नाही."

वडिलांनी ती कमी केली, सोडली नाही. मग दर रविवारी ते स्वतःच खिडकीपाशी बसून तोंड उघडत. मी आतून गाल चाचपत असे.

"मोजलेस दात?" ते नंतर विचारीत. "मोजले, दादा," म्हणत मी हात धुवायला उठे.