खडसांचा पहारेकरी

आमच्या मामेसासऱ्यांनी ज्याच्यावर कधी संशय घेतला नाही असा माणूस, जनावर किंवा देव बीड तालुक्यात शोधून सापडायचा नाही. मामेसासरे म्हणजे आमच्या सौभाग्यवतीचे सख्खे मामा. निजामसरकारच्या करोडगिरीच्या नाक्यावर त्यांनी हयात घालवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्या मालावरची जकात घ्यायची, आणि जो माल नाहीच म्हणून शपथेवर सांगितलं जातं तो शोधून काढायचा, हे त्यांचं काम. पोत्यांत खुपसून बघायला सरकारनं त्यांना एक लांब सळई दिली होती. नोकरी संपताना ती परत करायची असते, पण नवा जमादार ती नीट वापरील याची खात्री न वाटल्यामुळे मामा ती घरी घेऊन आले. लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे मुक्कामाला गेलो तेव्हा माझी वळकटी त्यांनी ओसरीवरच अडवली, घरच्यांची खुशाली विचारत विचारत सळई आरपार घातली आणि तिचं टोक हुंगून बघितलं. गादी नवी होती. "सवय हाय, जावईबापू, मनावर घेऊ नका," एवढंच म्हणाले.

दूधवाल्याला आपल्या दुधातला पहिला घोट स्वतः प्यावा लागे. न्हाव्याला वस्तरा हातात घेण्याआधी आदल्या गिऱ्हाइकाचं नाव सांगावं लागे. चतुर्थीला मामा लिंबागणेशाच्या देवळात जात, पण वाहायच्या नारळावर कोळशानं बारीक फुली करून नेत. हा नारळ पुन्हा विकायला येतो का, हे त्यांना पकडायचं होतं. बारा चतुर्थ्या झाल्या तरी फुलीचा नारळ काही सापडला नाही. त्यावरून मंडळी फुली पुसून टाकतात, असा निष्कर्ष मामांनी काढला. मामी या सगळ्याला इतक्या सरावल्या होत्या की जेवायला वाढताना प्रत्येक पदार्थातलं थोडं स्वतःच्या तोंडात टाकून मगच ताट त्यांच्यापुढे ठेवत, आणि ते करताना शेजारणीशी गप्पाही मारत.

मामांची एक विद्या मात्र खरी होती. "माणूस तोंडानं लबाड बोलतो, छातीनं न्हाई," ते म्हणायचे. नाक्यावर ते गाडीवानाच्या तोंडाकडे बघतच नसत. त्याची छाती किती भराभर वरखाली होते तेवढं बघत आणि नेमकं तेच पोतं उघडायला लावत. मी तहसील कचेरीत कारकून होतो. शुक्रवारी, म्हणजे निजामीतल्या सुट्टीच्या दिवशी, बीडहून त्यांच्याकडे जवळच्या पाली गावी जायचो, आणि ओसरीवर बसलो की पहिली काही मिनिटं श्वास जपून घ्यायचो. लपवण्यासारखं माझ्याजवळ काहीच नव्हतं, तरी घ्यायचो.

ही विद्या माणसांवरून माशांवर कशी गेली ते सांगायला हवं. पालीच्या अंगाला बिंदुसरेच्या पात्रात खडकात एक खोल डोह होता. त्याच्या कपारीतून गार पाझर यायचा, आणि काठावरच्या जुन्या करंज-जांभळांच्या सावलीत भर वैशाखातही पाण्यात पाय घातला की शहारा यायचा. त्या डोहात खडस असायचे. खडस म्हणजे मोठ्या खवल्यांचा, सोनेरी झाक असलेला मासा. नदीला लोंढा आला की तो गंगेतून, म्हणजे आमच्या गोदावरीतून निघून सिंदफणा नदीतून प्रवाहाविरुद्ध चढत इथवर यायचा, आणि पाणी ओसरलं की त्यातले काही डोहात राहून जायचे. ते कुणी धरायचे नाहीत, असा गावाचा रिवाज. वाटसरू त्यांना कणकेच्या गोळ्या टाकत.

मामांना प्रथम संशय आला तो खुद्द खडसांचा. एवढ्या लांबून, पाण्याला छाती देत, कोण उगाच येतं? शिवाय त्यांच्या नाक्यावरून परवान्यावाचून गेलेले हेच एकटे प्रवासी. मग त्यांनी दोन लहान खडस घागरीतून घरी आणले, अंगणातल्या दगडी डोणीत सोडले, वर पळसाच्या पानांचा मांडव घातला आणि खिशातलं घड्याळ काढून त्यांचे कल्ले मोजायला बसले. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, तेव्हा कल्ला बोलेल तेच खरं.

त्या कल्ल्यांनी मामांना आयुष्यातलं सर्वांत मोठं सुख दिलं असं मला वाटतं. मांजर नुसतं कठड्यावर येऊन बसलं की कल्ले भराभर उघडमीट करू लागत, आणि मांजर गेल्यावरही कितीतरी वेळ थांबत नसत. भ्यालेला मासा दोन दोन दिवस कणकेला तोंड लावत नसे. त्याच्या अंगाची झाक उतरे, बुळबुळ वाढे. गार पाण्याची घागर ओतली की कल्ले शांत होत. मामा हे सगळं वहीत टिपून ठेवत आणि मला वाचून दाखवत. एकदा म्हणाले, "येवढं खरं बोलनारा गवाह मला नोकरीत कधी भेटला न्हाई." तोवर आरोपी असलेले खडस साक्षीदार कधी झाले आणि साक्षीदाराचे घरचे कधी झाले, ते त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

आता जीव जडला म्हणजे पहारा आलाच. डोहातले खडस कुणीतरी चोरतं, असं मामांनी ठरवलं, आणि ते कुणीतरी म्हणजे हैबती भोई असंही ठरवलं. हैबतीला डोहाच्या खालच्या पात्रात जाळं टाकायचा वडिलोपार्जित हक्क होता. तो कमी बोलायचा, आणि कमी बोलणारा माणूस मामांना कधीच परवडला नाही. काठावरच्या झाडांच्या आड बसून तो डाव साधतो, असा त्यांनी माझ्याकडून उर्दूत अर्ज लिहून घेतला आणि झाडं तोडायची परवानगी मिळवली. अर्ज माझ्या हातचा. अक्षर चांगलं आलं होतं, म्हणून मी खूशही होतो. थंडी सरता सरता करंज-जांभळं बुंध्यापासून गेली. घराच्या माडीवरून डोह स्वच्छ दिसू लागला आणि मामा दुर्बीण लावून निवांत बसले.

त्या वर्षी उन्हाळा फार कडक पडला. वैशाखात एका सकाळी डोहातले खडस पोटं वर करून तरंगताना दिसले. एक नाही, दोन नाही, सगळे. तोंडं उघडी आणि कल्ले फाकलेले. मामा काठावर गेले, बघितलं आणि तडक चौकीवर गेले. डोहात हिंगणाच्या फळांचं विष कालवून मासे मारतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. अमीनसाहेबांनी, म्हणजे तिथल्या फौजदारांनी, हैबतीच्या झोपडीची झडती घेतली तेव्हा टोपलीभर हिंगणफळं निघालीही. ती कपडे धुवायला आहेत, असं हैबतीची बायको रडून सांगत होती, आणि आमच्याकडची निम्मी गरीब घरं साबणाऐवजी त्यांनीच कपडे धुतात. पण मामांनी हैबतीची छाती बघितली होती. ती धडधडत होती. हैबतीला कोठडीत घातलं. गुन्हा शाबीत झाला तर तुरुंग होता, आणि जाळं टाकायचा पिढ्यांचा हक्क कायमचा जाणार होता. त्या घरात पोट भरायचा दुसरा उद्योग नव्हता.

पुढच्या शुक्रवारी मी गेलो तेव्हा मामा नाक्यावर मोठा माल पकडल्याच्या थाटात बसले होते. जेवणं झाली, आम्ही अंगणात आलो आणि मामा एकदम थांबले. नवी पानं घालण्यासाठी मामींनी सकाळी डोणीवरचा मांडव उतरवला होता. डोणी उन्हात होती. दोन्ही खडस पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते, कल्ले फाकले होते. मामांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग मामींकडे. मग ओंजळभर पाणी घेऊन हुंगलं, आणि आम्ही धरायच्या आत पिऊन टाकलं. विष नव्हतं. त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच ठेवला.

"गरम हाय," म्हणाले.

विहिरीच्या गार पाण्याच्या घागरी मीच ओतल्या. मामांनी डोणीवर घोंगडी धरली आणि घड्याळ न काढता कल्ले बघत उभे राहिले. कल्ले शांत व्हायला बराच वेळ लागला. शांत झाले, तशी घोंगडी डोणीवर टाकून मामा अनवाणी नदीकडे निघाले. त्या तापल्या खडकावरून ते कसे चालले कोण जाणे. डोहापाशी पाझर करंगळीएवढा राहिला होता, पाणी कोमट होतं आणि त्यावर सावलीचा ठिपका नव्हता. काठावर बुंधे तेवढे होते. पाण्यात मात्र हालचाल दिसली. मरळ होते, चांगले जिवंत. वर येऊन तोंडानं हवा घ्यायची आणि खाली जायचं, असा त्यांचा क्रम चालला होता. मरळाला वरच्या हवेवर जगता येतं, खडसाला येत नाही. विष असतं तर मरळ कुठले राहायला? मामा वर्षानुवर्षं पुरावे हुंगत आलेले, आणि हा पुरावा आठ दिवस त्यांच्यासमोर पोहत होता. मला त्या वेळी त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

चौकीवर मी सोबत गेलो. जबानी मीच लिहून घेतली. ऊन लागून पाणी तापलं, तापल्या पाण्यात खडसांचा श्वास पुरला नाही आणि ते गुदमरून मेले, असं मामांनी सांगितलं. अमीनसाहेब हसायलाच लागले. "तो फिर जमादार, शक किस पर है?"

"माझ्यावर लिवा," मामा म्हणाले. "झाडं मी तोडली."

मी लिहिलं. माझ्या अक्षरातला तो दुसरा कागद काही चांगला आला नाही.

हैबतीला त्याच दिवशी सोडलं. तो बाहेर आला तेव्हा मामा चौकीच्या दारात उभे होते. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, चौकशीची होती. त्यामुळे त्यांनी विचारलं ते असं: तू जन्मभर नदीत वावरलेला, तुला कळलं असणारच, मग आधी का बोलला नाहीस?

हैबतीनं पागोटं बांधायचं थांबवलं. "झाडं तोडायच्या दिशीच आलतो की, जमादार. सावली ग्येली तर खडस मरतील म्हनून सांगत हुतो. तुमी म्हनले, तुला आडोसा कावून पायजे?"

एवढं बोलून तो पालीच्या वाटेला लागला. मामा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "खरं हाय. आलता तो." त्यांचे डोळे भरून आले होते.

पावसाळा लागताच त्यांनी डोणीतले दोन खडस नदीत सोडले आणि काठावर करंजाची रोपं लावली. पुढचे दोन उन्हाळे घागरीनं पाणी घालून ती जगवली. बांबू आणि पळसाच्या फांद्यांचे ताटवे, म्हणजे सावलीच्या ताट्या, करून दुपारी डोहावर धरायला हैबतीही यायचा. न बोलावता यायचा आणि न बोलता जायचा. एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला तो. त्यांच्यात समेट झाला का हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिसऱ्या उन्हाळ्याआधी मामा गेले.

परवा त्या बाजूला गेलो होतो. करंज माझ्या डोक्याच्या वर गेलेत, पण त्यांची सावली अजून काठावरच पडते, पाण्यापर्यंत पोचत नाही. डोहात मरळच आहेत. हैबती आता थकला आहे. तो एकटाच ताटवे बांधत होता. खडस परत येतील का, म्हणून मी विचारलं. हातातली गाठ आवळत तो म्हणाला, "येतील की."

मामा असते तर त्यांनी कशावरून म्हणून विचारलं असतं. मी ताटव्याचं दुसरं टोक धरलं.